जुनं आर्केड मशीन घ्यावं का? नवशिक्यांसाठी सोप्या पायऱ्या

जुनं आर्केड मशीन विकत घ्यावं का, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने ते मनातल्या मनात घेतलेलंच असतं. खालच्या पायऱ्या घरच्यांना पटवण्यापुरत्या आहेत. तरी क्रम पाळावा.

पायरी १ : कोणता गेम हवा ते ठरवा

चारचौघांत टायटोच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चं (१९७८) किंवा नामकोच्या ‘पॅक-मॅन’चं (१९८०) नाव घ्यावं. माणूस अभ्यासू वाटतो. पण नव्वदीत ज्याने खाऊचे पैसे व्हिडिओ गेम पार्लरच्या गल्ल्यात ओतले, त्याला खरं म्हणजे ‘मुस्तफा’ हवा असतो. त्या गेमचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, तो कॅपकॉमने १९९३ मध्ये काढला आणि मुस्तफा हा त्यातल्या चौघांपैकी एक, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही.

पायरी २ : टेप घेऊन मापं घ्या

‘पॅक-मॅन’चं उभं कॅबिनेट जवळजवळ पावणेसहा फूट उंच असतं आणि वजन शंभर किलोच्या वर. आधी दाराचं माप घ्या, मग लिफ्टचं, मग जिन्याच्या वळणाचं. सोफा आणताना त्या वळणावर काय झालं होतं ते आठवा. हॉलमध्ये जागा शोधताना ‘शोकेस हलवू’ इथपर्यंत बोलायला हरकत नाही. देव्हाऱ्याकडे मात्र नुसतं पाहूही नका.

पायरी ३ : मशीन पाहायला जा

विकणारा म्हणेल, ‘एकदम चालू कंडिशन, फक्त डिस्प्ले येत नाही.’ मान डोलवा आणि कामाला लागा.

आधी मशीन बंद ठेवूनच काच पाहा. ‘पॅक-मॅन’ वर्षानुवर्षं चालू राहिला असेल, तर त्याच्या चक्रव्यूहाच्या रेषा पिक्चर ट्यूबवर कायमच्या उमटलेल्या दिसतात. मग खाली वाका आणि कॅबिनेटच्या बुडाशी नख दाबा. तिथला भुसा-बोर्ड फरशी पुसून पुसून फुगलेला असतो; नख आत गेलं, की किंमत खाली आली. आपल्याकडच्या पार्लरमधली बरीच कॅबिनेटं स्थानिक सुतारांनी प्लायवूडवर सनमायका चिकटवून केलेली असत. तिथे वाळवी शोधा.

जॉयस्टिक फिरवून बघा. ‘पॅक-मॅन’ला चारच दिशांची जॉयस्टिक लागते. कुणी आठ दिशांची बसवली असेल, तर ऐन वळणावर गडी अडतो आणि भूत गाठतं. खेळताना २५६व्या पातळीला अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरला, तर तो बिघाड समजू नका. पातळी मोजणारा आठ बिटांचा आकडा तिथे संपतो. तुमच्यावर ही वेळ येणार नाही.

शेवटी मागचं दार उघडायला सांगा. आत उंदीर राहून गेलेत का, हे वायरीच सांगतात. बोर्डावर बॅटरी आहे का विचारा. कॅपकॉमच्या त्या काळातल्या काही बोर्डांत गेम उलगडणारी किल्ली बॅटरीच्या जोरावर स्मरणात राहते. बॅटरी संपली, की किल्ली पुसली जाते आणि गेम गप्प होतो. नकली बोर्डांत सहसा ही भानगड नसते. अस्सलापेक्षा नक्कल टिकाऊ, असा हा दुर्मिळ प्रांत आहे.

पायरी ४ : विजेला मान द्या

अमेरिकेतून आलेलं मशीन सुमारे ११५ व्होल्टचं. आपल्याकडे भिंतीत २३०. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. तो विसरलात, तर पहिला डाव शेवटचा ठरेल. पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजारांच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ आत दबा धरून बसतात. ‘जरा धूळ पुसतो’ म्हणून आत हात घालू नये. हे वाक्य विनोदाचं नाही.

पायरी ५ : माणूस शोधा

मशीनच्या आधी मेकॅनिक शोधावा. जुने टीव्ही दुरुस्त करणारे एखादे काका अजून दुकान उघडत असतील, तर ओळख वाढवा, चहा पाजा. वाळलेले कपॅसिटर बदलणं त्यांना जमतं. ‘त्यापेक्षा एलसीडी बसवून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. चित्र स्वच्छ येईल, पण मग पैसे कशाचे मोजले, याचं उत्तर बायकोला द्यावं लागेल.

हिशोब मांडताना किंमत तीनदा धरावी: विकणाऱ्याला, टेम्पो-हमालांना आणि काकांना. काकांचा आकडा दर पावसाळ्यानंतर पुन्हा लिहावा.

पायरी ६ : स्वस्त पर्यायाचा विचार करा

१९९७ पासून ‘मेम’ नावाची फुकट प्रणाली आहे. तिच्यावर यातले बहुतेक गेम साध्या संगणकावर चालतात. गेमच्या हक्कांचा कायदेशीर प्रश्न तेवढा उरतो. जागा, वाळवी, काका, कशाचीच कटकट नाही. हा पर्याय प्रत्येक बाबतीत सरस आहे, म्हणूनच या पायरीवर कुणी थांबत नाही.

निकाल

‘मुस्तफा’ तिघांनी मिळून खेळायचा गेम आहे, आणि मशीन जिन्यावरून चढवायला चार माणसं लागतात. हमाल न बोलावता अशी चार माणसं तुम्हाला मिळत असतील आणि पुढच्या रविवारी तीच खेळायला येणार असतील, तर मशीन खुशाल घ्या. एकट्यासाठी घेणार असाल, तर घेऊ नका. सहा महिन्यांत त्यावर इस्त्रीचे कपडे दिसतील.