ऋषीचं कूळ, कंपायलरचं मूळ

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर क्लॅंग हा कंपायलर बिल्ड करायची काहीएक गरज नसते. २०१४ च्या जानेवारीत दहावी आवृत्ती आली, तेव्हापासून घरचा कंपायलर तोच आहे. 'सीसी' टाइप केलं की तोच ओ देतो. ताजा हवा असेल तर एका कमांडमध्ये तयार पॅकेज उतरतं. हे सगळं ठाऊक असूनही मी क्लॅंग ज्यात घडतो त्या एलएलव्हीएम प्रकल्पाचा अख्खा सोर्स उतरवला. 'मी क्लॅंग वापरतो' असं कुणीही म्हणेल. 'मी क्लॅंग बिल्ड करतो' म्हणताना मात्र आवाज आपोआप खर्जात जातो.

निन्जा या बिल्डच्या अवजाराचे आकडे पडद्यावर धावू लागले. दारातून येणाऱ्याला ते नीट दिसावेत अशा बेतानं मी लॅपटॉप वळवून ठेवला. बायको आली.

"काय चाललंय?"

"कंपायलर कंपाइल होतोय."

"कशानं?"

"कंपायलरनं."

"तो आहे, तर मग हा कशाला?"

तिनं हे वैतागून विचारलं, पण प्रश्न अस्सल होता. क्लॅंग सी++ मध्ये लिहिलेला. म्हणजे तो जन्माला यायला आधी एक सी++ कंपायलर हवा. तो कुणी घडवला? त्याच्या आधीच्यानं. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरचं सोवळं तर आणखी कडक. जुन्या कंपायलरनं नवा घडवायचा, त्या नव्यानं स्वतःला घडवायचं, त्यातून निघालेल्यानं पुन्हा स्वतःला. मग दुसरा आणि तिसरा बाइटन् बाइट ताडून पाहायचे, फरक निघाला तर विटाळ. असं मागे मागे जात माणूस बेल लॅब्जमध्ये पोचतो. डेनिस रिचीची सी निघाली केन थॉम्पसनच्या बी मधून. बी चा पहिला कंपायलर टीएमजी नावाच्या भाषेत होता, मग थॉम्पसननं तो बी मध्येच पुन्हा लिहिला. टीएमजी त्यांच्या पीडीपी-७ यंत्रावर आणली डग मॅकिलरॉयनं. आणि याच थॉम्पसननं ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात, जे १९८४ मध्ये छापून आलं, सगळ्यांची झोप उडवली. कंपायलरला असं शिकवता येतं, तो म्हणाला, की लॉगिनचा प्रोग्राम समोर आला की त्यात चोरदरवाजा ठेव, आणि तुझाच सोर्स समोर आला की ही विद्या त्यात गुपचूप घाल. मग सोर्समधून ती ओळ पुसून टाका. चोरी पिढ्यान्‌पिढ्या चालूच राहते. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, त्यात कंपायलरची भर घालायला हरकत नाही.

हे सगळं सांगत मी मॅकिलरॉयपर्यंत पोचलो, तोवर बायको स्वयंपाकघरात पोचली होती. "शिट्ट्या मोजतोयस ना?" तिकडून आवाज आला.

लिंकिंगची वेळ आली तशी रॅम संपली, पंखा घरघरला, माउसचा बाण गोठला. लिंकची कामं एकेक करून सोडल्यावर पहाटे काम पार पडलं.

नव्या कंपायलरची परीक्षा घ्यायला मी फर्स्ट इयरचा माझा गुणपत्रिकेचा प्रोग्राम काढला. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर असा तो मी वारशासारखा जपलाय. टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर तो लोण्यासारखा चालायचा. क्लॅंग पहिल्याच ओळीला थांबला: कोनिओ डॉट एच नावाची फाइल सापडत नाही. ती ओळ काढली, तर क्लरस्कर (आडनाव नव्हे, पडदा पुसायची आज्ञा) कोण, हे त्याला माहीत नाही. अनोळखी फंक्शन बोलावणं २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीपासून थेट गुन्हाच झालाय. मेनच्या आधीच्या 'व्हॉइड'खाली बाण उमटला: इथे 'इंट' हवा, आणि खाली दुरुस्तीही लिहून दिलेली. चेवात येऊन मी डब्ल्यू-एव्हरीथिंगचा पर्याय लावला. रुखवतापाशी सगळ्या आत्यांना 'मनमोकळं बोला' म्हणावं, तसं झालं.

तरी राग येईना. ती यादी वाचता वाचता लक्षात आलं, की कॉलेजात माझा एकही प्रोग्राम कुणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला नव्हता. एक्स्टर्नल जर्नलची पानं उलटत सह्या करायचे, व्हायवात विचारायचे, "व्हॉट इज पॉइंटर?", आणि उत्तर सुरू व्हायच्या आत "नेक्स्ट". माझा पॉइंटर एक घर पुढे जातोय हे कुणी सांगितलं असतं, तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. इथे कुणा अनोळखी माणसानं बिनपगारी किंवा पगारी, पण मन लावून, विचार केला होता की अर्धविराम विसरलेल्या माणसाशी कसं बोलावं. बाण नेमका कुठे दाखवावा. 'प्रिंटफ'ची अक्षरं उलटसुलट पडली तर 'तुम्हाला हे म्हणायचंय का?' असं विचारावं.

शुद्ध केलेला प्रोग्राम मी भाच्याला पाठवला. त्याला सबमिशनला तसाच काहीसा हवा होता. एकही वॉर्निंग येत नाही, हे खाली आवर्जून लिहिलं.

तासाभरात त्याचा फोन. "मामा, यात क्लरस्कर कुठेय? गेटचपण नाही. आणि मेनला इंट का लावलंय? सर मार्क कापतात."

त्याच्या कॉलेजात निळा पडदा अजून आहे, डॉसबॉक्समध्ये कोंडून. मी त्याला थॉम्पसनपासून समजवायला सुरुवात केली. "मामा, सबमिशन उद्या आहे," तो म्हणाला.

व्हॉइड, कोनिओ, क्लरस्कर, गेटच: सगळं जागच्या जागी परत घालून पाठवलं. फाइलला पैकीच्या पैकी मिळाले म्हणे.