रहिमतपूर ते न्यूयॉर्क, व्हाया नवले पूल

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, विमानाला लागतात पंधरा-सोळा तास. मोबाइलने एवढं सांगितलं की पोरगं अमेरिकेत असलेल्या घराला सगळा प्रवास कळल्यासारखा वाटतो. माझं म्हणणं इतकंच, की हे उत्तर दोन विमानतळांच्या उपयोगाचं आहे. माणसं धावपट्टीवर राहत नाहीत. काही सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात राहतात.

मुळात तो आकडाही दिसतो तितका सरळ नाही. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका अशी जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो उत्तरेला चढत चढत आर्क्टिक वृत्ताच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन खाली उतरतो. साडेबारा हजार हे त्या दोऱ्याचं माप. पण विमान म्हणजे दोरीवरचा डोंबारी नव्हे. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं आणि पश्चिमेकडे निघालेल्या भारतीय विमानांना वळसे पडले. वरच्या थरातला वारा जाताना छातीवर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून परतीचा प्रवास सहसा लवकर आटपतो. घड्याळाची गंमत तर निराळीच. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. रात्री एकला मुंबई सोडून साडेपंधरा तास उडलेलं विमान तिथे त्याच दिवशी सकाळी सातला टेकतं. तिकिटावर बघावं तर सहा तासांत अमेरिका! सहा तासांत रहिमतपूरहून मुंबईचं विमानतळ गाठायचं म्हटलं तरी छातीत धडधडतं.

कुणी म्हणेल, रस्त्याचं खापर विमानावर का फोडता? विमानावर नाही, हिशेबावर फोडतो आहे. रहिमतपूर ते मुंबई पावणेतीनशे किलोमीटर, म्हणजे न्यूयॉर्कच्या अंतराच्या जेमतेम सव्वादोन टक्के. पण खंबाटकीचा बोगदा ओलांडून जरा हायसं वाटतं न वाटतं तोच पुण्याच्या नवले पुलापाशी घोडं पेंड खातं. पुढे एक ट्रक, मागे एक ट्रक, मधे टपावर दोरखंडाने आवळलेल्या बॅगा, आणि मांडीवरच्या डब्यातल्या चकल्यांचा चुरा. दुसरा शहाणा म्हणेल, पुणं जवळ आहे, कोल्हापूर आहे. आहेत ना! पण तिथून अमेरिकेला थेट विमान नाही. मधे कुठेतरी उतरून पुन्हा रांगेत उभं राहायचं. आणि उद्या कऱ्हाडच्या धावपट्टीवर बोइंग उतरवलंत, तरी तीन तास आधी हजर राहा ही अट काही सुटायची नाही.

आपली जुनी माणसं या बाबतीत पक्की होती. हाकेच्या अंतरावर, तंबाखू मळून होईस्तोवर, दिवेलागणीला पोचाल: त्यांची मापं चालणाऱ्याच्या दमावर बेतलेली. फुटाच्या हिशेबात ती कच्ची असतील, पण पाहुणा कधी टेकेल ते चुलीपाशी बसलेल्या बाईला बिनचूक कळायचं.

तेव्हा पोराला फोनवर ‘विमान किती तासांचं?’ विचारू नका, ‘घर कधी सोडायचं?’ विचारा. विमान रात्री एकचं असेल, तर रहिमतपूर दुपारी एकला सोडावं. जेवण लवकर उरकून घ्या.