शब्दबंबाळ सर

वाचनालयाचा वर्धापनदिन असो की पतपेढीच्या शाखेचं उद्घाटन, तालुक्याच्या गावी माइक सरांच्याच हाती असतो. मराठी शिकवून सर निवृत्त झाले, त्यांची भाषा काही निवृत्त व्हायला तयार नाही. पाहुणे खुर्चीवर बसत नाहीत, ‘आसनस्थ’ होतात. समई कुणी लावत नाही, ‘मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन संपन्न’ होतं. वर पंखा गरगरत असल्याने काडी तीनदा विझते आणि तिन्ही वेळा सर सभेला अंधाराकडून तेजाकडे नेऊन परत आणतात.

अशा बोलण्याला मराठीत ‘शब्दबंबाळ’ म्हणतात. रक्तबंबाळातलाच हा बंबाळ. इथे फक्त वाहतो बोलणारा आणि दुखतं ऐकणाऱ्याला.

सरांचं दैवत बाणभट्ट. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या पदरी असताना, त्याने ओळीच्या ओळी व्यापणारे समास रचले. त्याची ‘कादंबरी’ अपुरी राहिली, ती पुढे मुलाने पुरी केली. सरांचं प्रास्ताविक लांबलं की श्रोते धास्तावून त्यांच्या चिरंजीवांकडे बघू लागतात.

पण म्हणून अवघड शब्दांवर राग काढू नये. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे सावरकरांचे शब्द. आज ते कुणालाही बोचत नाहीत. सरकारी ‘पदनाम कोशा’ला अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून झोडपलं, तरी त्यातली कितीतरी पदनामं कचेऱ्यांच्या दारांवर निमूट टिकून आहेत. त्या शब्दांमागे निदान एखादं टेबल तरी आहे! सरांच्या ‘सविनय अभिवादनपूर्वक सहर्ष हार्दिक स्वागता’तून स्वागत ठेवून बाकी सगळं काढलं, तरी पाहुण्याच्या हारातलं एक फूल कमी होत नाही.

शोकसभेत ते विशेष खुलतात. कोणीही गेलं की ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ ठरलेली. गावात एव्हाना इतक्या पोकळ्या झाल्या आहेत, की जपून चालावं लागतं.

गंमत म्हणजे घरी हाच माणूस ‘नळ आला गं, बादली लाव’ एवढंच बोलतो. नळाच्या पाण्याला वेळेचं बंधन असतं, सभेला नसतं.

आभारप्रदर्शनही सरांकडेच. ‘आभार मानून ऋणमुक्त होण्यापेक्षा आम्ही आपल्या ऋणातच राहणं पसंत करू,’ असं ते गहिवरून म्हणतात. टाळ्या पडतात. मागच्या वर्षीचं बिल खिशात घेऊन आलेला मंडपवाला तेवढा टाळी वाजवत नाही.