ऑर्गन मास्तर

शेतकरी आभाळाकडे पाहतो, आमचे ऑर्गन मास्तर दारूबंदीच्या बातम्यांकडे. भिवापुरात सकाळी टपरीवर पेपर आला की जो तो मिरचीचा भाव बघतो; 'दारू' हा शब्द शोधणारे मास्तर एकटेच. बरं, स्वतः थेंबाला शिवत नाहीत. त्यांचं पोट चालतं ते इतरांच्या पिण्यावर.

याचं कारण नकाशात आहे. नागपूर जिल्ह्यातलं भिवापूर ओलांडून गडचिरोलीच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की चंद्रपूर जिल्हा लागतो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी होतीच. 1 एप्रिल 2015 ला चंद्रपुरातही आली. तिकडची मंडळी इकडे 'कामानिमित्त' येऊ लागली. एका बारमालकाने हात धुवायच्या बेसिनशेजारची जागा मास्तरांना दिली. बस्तान बसतं न बसतं तोच, 1 एप्रिल 2017 ला, महामार्गालगतच्या दारूविक्रीवर सुप्रीम कोर्टाचा बंदी आदेश लागू झाला. मास्तर कळवळले, "सरकार आन् कोर्ट, दोघायलेबी माह्यासाठी येकच तारीख सापडली काय जी?"

ऑर्गन म्हणजे खरं तर कॅसिओ. पण पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात तो ऑर्गन आणि वाजवणारा मास्तर, मग वय कितीही असो. कमाई 'नाईट'वर मोजायची. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपनीत, उन्हाळ्यात लग्नांत आणि लग्नं आटोपली की बारमध्ये. नागपूर-नागभीड छोटी रेल्वेगाडी होती तोवर ऑर्गन मांडीवर घेऊन फिरायचे. 2019 मध्ये ती बंद झाली. आता एसटीचा कंडक्टर ऑर्गनकडे बोट दाखवून विचारतो, "याची टिकिट?"

नाटकाला लोक रात्रभर मांडी घालून बसतात, वन्समोअर देतात. बारमध्ये टाळी पडत नाही, कारण एका हातात ग्लास आणि दुसऱ्यात कोंबडीची तंगडी. दाद येते ती बिलाच्या पाठीवर लिहिलेल्या फर्माइशीतून. मिरचीच्या हंगामात सातऱ्यावरून, म्हणजे मिरच्यांचे देठ खुडतात तिथून, आलेलं गिऱ्हाईक गाताना दर ओळीआधी ठसकतं. मास्तरांनी त्या ठसक्यासाठी दोन मात्रांची जागा राखून ठेवली आहे.

सीमेपलीकडून येणारे एक साहेब होते. एका रात्री त्यांनी एकाच बेवफाईच्या गाण्याची चिठ्ठी सात वेळा पाठवली. आठव्यांदा चिठ्ठी आली नाही, साहेबच आले आणि माईक धरला. मास्तरांची खरी विद्या अशा वेळी दिसते. साहेबांनी पहिली ओळ काळी दोनमध्ये घेतली, दुसरी पांढरी पाचमध्ये, तिसरी पेटीवर नसलेल्या पट्टीत. सुटलेल्या एसटीमागे धावावं तसं मास्तरांचं बोट ट्रान्सपोजच्या बटणावर त्यांच्यामागे धावत होतं. (मोठमोठ्या गवयांच्या साथीदारांनी महिनाभर इथे उमेदवारी करावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.) गाणं संपलं. साहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाणं तं जमलं, मास्तर. तुमचा ऑर्गन जरासा बेसूर हाय."

मास्तरांनी ऑर्गनच्या वतीने माफी मागितली. जाता जाता साहेबांनी आपुलकीने विचारलंही, "दिवसा काय काम करता जी?"

2021 मध्ये चंद्रपूरची बंदी उठली. साहेबांना आपल्याच जिल्ह्यात सोय झाली. बेसिनशेजारच्या कोपऱ्यात मालकाने फ्रीज ठेवला.

पुढे एका हिवाळ्यात नागभीडकडच्या गावी नाटक होतं. शेवटचा अंक, पहाटेचा सुमार. रंगमंचावर आईचं प्रेत, लेक टाहो फोडतोय आणि रंगमंचापुढे बसलेले मास्तर करुण सूर धरून आहेत. एवढ्यात दुसऱ्या रांगेतून हातोहात एक चिठ्ठी आली, शंभराच्या नोटेत गुंडाळलेली. अक्षर ओळखीचं. गाणं तेच.

मास्तरांनी नोट खिशात घातली. लय निम्मी केली, पट्टी दोन सुरांनी उतरवली आणि आईच्या प्रेतावर तेच बेवफाईचं गाणं वाजवलं. बायका पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या. दुसऱ्या रांगेत साहेब ढसाढसा रडत होते आणि, मास्तर शपथेवर सांगतात, पहिल्यांदाच सुरात.