शिकागोचा बेत, भाटघरच्या हिशेबाने

भोर-वेल्ह्याकडचं एखादं जोडपं मुलाकडे शिकागोला निघालं की घरात बेत होतो तो बॅगांचा. माणशी 23 किलोच्या दोन बॅगा, म्हणजे एकूण चार. कुठलं लोणचं कुठल्या डब्यात आणि चकलीला वरची जागा की मधली, यावर आठवडाभर खल चालतो. शहराचा विषय निघेपर्यंत सगळे दमलेले असतात. मग ‘तिथे गेल्यावर मुलगा दाखवेलच’ असं म्हणून बैठक उठते. माझ्या मते हा क्रम साफ चुकीचा आहे. बॅग शेवटी भरावी, आधी तिथल्या मिशिगन सरोवराची माहिती काढावी. शिकागो हे मूळचं पाण्याच्या व्यवहारावर उभं राहिलेलं शहर आहे, आणि क्युसेक, टीएमसी, विसर्ग हे शब्द ज्या तालुक्यात पोरंटोरंही बोलतात तिथल्या माणसाला ते कळायला गाइड लागू नये.

यावर पहिली हरकत ठरलेली. पाणीच बघायचं तर एवढे पैसे घालून जायचं कशाला? आपला भाटघरचा येसाजी कंक जलाशय काय वाईट आहे? वाईट मुळीच नाही. पण भाटघर हे ये-जा करणारं पाणी आहे. श्रावणात ते तुडुंब असतं, आणि मे महिन्यात इतकं उतरतं की एरवी पाण्याखाली असलेलं कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. मिशिगन सरोवराला असलं काही ठाऊक नाही. त्याचा विस्तार सुमारे 58 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा पुणे जिल्हा साडेतीन वेळा बुडवून वर थोडं पाणी उरेल. भाटघरची क्षमता साडेतेवीस टीएमसी. मिशिगनचा हिशेब मांडला तर पावणेदोन लाख टीएमसीच्या घरात जातो, म्हणजे भाटघरसारखी सात हजारांवर धरणं. काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. आपल्याकडे पलीकडच्या काठावर बसलेला माणूस कुणाचा पाव्हणा, हेही सांगता येतं.

बरं, नुसत्या आकाराने दिपून जावं असंही माझं म्हणणं नाही. खरी गंमत नदीची आहे. शिकागो नदी सरोवराला मिळायची, शहराची सगळी घाण तिच्यातून सरोवरात जायची, आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून यायचं. आपण अशा वेळी निवेदन देतो, फार तर उपोषणाला बसतो. त्या लोकांनी सुमारे 45 किलोमीटरचा कालवा खणला आणि 1900 च्या जानेवारीत नदीच उलटी फिरवली. सरोवराचं पाणी नदीत, नदीचं कालव्यात, आणि घाण मिसिसिपीच्या दिशेने खालच्या मुलखाला. खाली मिसुरी राज्यातलं सेंट लुईस हे गाव होतं. मिसुरी राज्य थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1906 साली हरलं. पुढे सरोवरालगतच्या इतर राज्यांनी शिकागो फार पाणी ओढतं म्हणून तंटा केला. अखेर न्यायालयाने शिकागोच्या इलिनॉय राज्याला सरोवरातून किती पाणी उचलता येईल त्याची मर्यादा घातली, आणि 1967 च्या आदेशात ती 3,200 क्युसेक ठरली. धरण आपल्या दाराशी आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणला, हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकताना परकं वाटणं अवघड आहे. मुंबईच्या पाव्हण्याला मात्र ती दोनदा सांगावी लागेल.

दुसरी हरकत अधिक घरगुती. आजी-आजोबा जातात ते नातवंडांसाठी, शहर कुणाला बघायचंय? ही हरकत मला पटली असती, पण एक अडचण आहे. मुलगा शिकागोत राहतो असं गावभर सांगितलं असलं तरी तो बहुधा शिकागोत राहत नाही. तो राहतो नेपरव्हिलला नाहीतर शॉमबर्गला. नेपरव्हिल ते शिकागो हे अंतर साधारण भोर ते पुणे एवढंच आहे. नातवंडं सकाळी शाळेत जातात, मुलगा-सून कामाला. मागे उरतात दोन म्हातारी माणसं, कापलेलं गवत आणि नजरेच्या टप्प्यात एकही माणूस नसलेला रस्ता. भोर आगाराला कितीही नावं ठेवा, स्वारगेटची एसटी निदान समोरून जाताना दिसते. म्हणून बेतात पहिली ओळ असावी ती मेट्रा रेल्वेची. नेपरव्हिलहून तासाभराच्या आत ती युनियन स्टेशनला सोडते, आणि तिथून पायी पूर्वेला गेलं की सरोवर येतं. वाटेत आर्ट इन्स्टिट्यूट लागते. 11 सप्टेंबर 1893 ला विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. पुढचा काठ चालायला फुकट आहे, कारण 1836 मध्येच त्या जागेच्या नकाशावर ‘इथे इमारत बांधायची नाही’ अशा अर्थाची नोंद झाली होती आणि पुढच्या लोकांनी कोर्टात भांडून ती पाळायला लावली. जलाशयाच्या फुगवट्यालगत तारेची कुंपणं आणि फार्महाऊसच्या पाट्या बघत मोठं झालेल्यांनी हा काठ मुद्दाम सावकाश चालावा.

महिना कोणता? तिथले लोक जून-जुलै सुचवतात, कारण तिथे तेव्हा उन्हाळा. पण जुलैत इकडे भातलावणी. शेत वाऱ्यावर सोडून कुणी जाणार नाही, आणि जाऊही नये. लावणी आटपून ऑगस्टच्या मध्याला निघावं, कापणीला परत यावं. थंडी कडाडण्याआधीचा सप्टेंबर पदरात पडतो. गणपती बुडतात म्हणावं, तर महाराष्ट्र मंडळ आहेच. फक्त तिथे बाप्पाला शनिवार-रविवारची सवड बघावी लागते.

राहिली बॅग. तिच्यात आंबेमोहोर अजिबात भरू नये. भारतातून प्रवाशाने तांदूळ नेणं अमेरिकेत चालत नाही, आणि त्याचं कारण आपल्या कणगीतला खापरा भुंगेरा. बॉम्बची झडती घ्यावी तशी ते त्याची झडती घेतात. ताजा कढीपत्ताही असाच अडतो. तांदूळ तिथे डेव्हन अ‍ॅव्हेन्यूला मिळतो. या रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग म्हणतात, लगतच्या तुकड्याला महंमद अली जिना वे, आणखी एक तुकडा शेख मुजीब यांच्या नावाचा आणि एक इस्राएलच्या गोल्डा मेयर यांचा. ज्या नावांनी उपखंडात नकाशे फाटले ती तिथे एकाच पदपथावर ओळीने उभी आहेत, आणि भांडण होतं ते गाडी लावायच्या जागेवरून. म्हणून मुलाने कितीही आग्रह केला तरी त्याची गाडी घेऊन जाऊ नये, 155 नंबरची बस धरावी.