दाजी गादीवर बसतात

कुठल्या घरात जन्म घ्यायचा, हे मला पन्नासाव्या वर्षी विचारण्यात आलं. तोवर डोंबिवलीत, दोन खोल्यांत, तीन भावंडांच्या पाठीवर माझा जन्म होऊन गेलेला होता. विचारणारा होता मुलाचा कम्प्युटर. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा २००९ सालचा, कॅनडातल्या बायोवेअरचा गेम. हल्लीची पोरं त्याला म्हातारा म्हणतात, म्हणूनच आमचं जमलं.

सुरुवातीला सहा जन्म मांडून ठेवलेले असतात: मानवी उमराव, जादूगार, शहरातला एल्फ, रानातला एल्फ, ड्वार्फ राजपुत्र आणि ड्वार्फ कंगाल. जो घ्याल त्याची तासा-दोन तासांची स्वतंत्र कथा आधी भोगायची. पुढे सगळ्यांना काम एकच. राक्षसांची धाड आली आहे, देश वाचवा.

"बाबा, फुकट मिळतंय तर राजपुत्र घ्या," मुलगा म्हणाला. घेतला.

जमिनीखालच्या ऑर्झमार नगरीत मी राजाचा मधला मुलगा झालो. धाकटा भाऊ भेलेन कानाशी लागला, की थोरला ट्रायन तुझा काटा काढणार आहे. आता तुम्ही ट्रायनला मारा नाहीतर मारू नका, तो मरतोच. आळ तुमच्यावर येतो आणि तुमची रवानगी अंधाऱ्या बोगद्यांत होते. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता, धक्का बसला का म्हणून. कसला बसतोय! गावी सव्वा एकराच्या बांधापायी माझे दोन काका एकवीस वर्षं तारखांना जातायत. ऑर्झमारमध्ये निकाल तरी एका दिवसात लागला.

बऱ्याच उलाढालींनंतर कथा आपल्याला पुन्हा तिथे नेते. राजा वारलेला, गादीला दोन दावेदार: आपला भेलेन आणि हॅरोमाँट नावाचा वयस्क सरदार. मी क्षणभरही न घुटमळता हॅरोमाँटला बसवलं. त्या रात्री जेवताना तत्त्वनिष्ठेवर थोडं बोललोही. सज्जन माणूस, शब्दाचा पक्का, सत्तेसाठी भावाचा गळा कापणारा नव्हे वगैरे. बायकोने आमटी वाढून विषय संपवला.

पुढच्या महिन्यात कंगाल होऊन बघितलं. याच नगरीत, पण जातीबाहेरचा. जन्मताच तोंडावर खूण गोंदतात, म्हणजे पुढे कोणाला विचारायची तसदी नको. घरी दारुडी आई, बाहेर गुंडाची हमाली, आणि एक बहीण, रिका. तिने एखाद्या उमरावाला मूल द्यावं म्हणजे घर वर येईल, असा सगळा बेत. फिरून ऑर्झमारला आलो तर बहीण राजवाड्यात, आणि तिला मुलगा झालेला. कोणापासून? भेलेनपासून.

म्हणजे दाजी!

"बाबा, हाच तो भेलेन. गेल्या वेळी तुम्ही ज्याला..."

"नाव घेऊ नकोस," मी म्हणालो. "आत्याचा नवरा आहे तुझ्या."

दाजी गादीवर बसले. बसताच त्यांनी पहिला हुकूम सोडला तो हॅरोमाँटला ठार मारण्याचा. मी त्या वेळी चष्मा पुसत होतो. गंमत पुढेच आहे. शेवटी जो वृत्तांत येतो त्यात दाजींनी जातीबाहेरच्यांवरची बंधनं सैल केली, बाहेरच्या जगाशी व्यापार वाढवला. माझा सज्जन हॅरोमाँट मात्र दरवाजे लावून जुन्या रीती घट्ट करत बसला होता. म्हणजे निव्वळ सोयरिकीपोटी दिलेलं मत पुरोगामी निघालं! घरी मी हे आधीच ओळखलं होतं असं सांगतो.

मधे मुलाने २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' आणून दिला. त्यात पूर्वायुष्य शोभेल असं वागलं की बक्षीस मिळतं आणि ते खर्चून पडलेला फासा पुन्हा टाकता येतो. मी हौसेने 'गुन्हेगार' घेतला. पण कुलूप फोडायला बसलो की घरमालक आत जेवत असेल का, असं मनात येई. तो पार्श्वभूमीने गुन्हेगार, मी सोसायटीचा खजिनदार. जमेना. परत जुन्याकडे आलो.

या खेपेला शहरातला एल्फ. गावकुसाआडची वस्ती, आणि कथा सुरू होते लग्नाच्या दिवशी. बायको तांदळाचं ताट घेऊन शेजारी टेकली.

"मुलगी बघितलीच नाही? मग लग्न ठरलं कसं?"

"मोठ्यांनी ठरवलं. आपलं तरी काय वेगळं होतं?"

"आपले पोहे झाले होते," ती म्हणाली. चुलतभावाचंही लग्न त्याच मांडवात आहे म्हटल्यावर तिला वस्ती एकदम पसंत पडली. खर्च वाचतो.

एवढ्यात व्हॉन नावाचं सरदाराचं उर्मट कार्टं माणसं घेऊन आलं आणि नवरीसकट बायका उचलून घेऊन गेलं. मी तलवार मिळवून त्याच्या हवेलीत घुसलो, शेवटच्या दालनापर्यंत पोचलो. तिथे तो म्हणाला, चाळीस सोन्याची नाणी घे आणि मागच्या मागे निघून जा.

मी गेम थांबवला. सव्वीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, आकडा आला की हात आपोआप थांबतो. शंभर तांब्यांचं एक चांदीचं, शंभर चांदीच्यांचं एक सोन्याचं. म्हणजे चाळीस सोन्याची झाली चार लाख तांब्याची. माझ्या खिशात त्या वेळी...

"अहो, हिशोब कसला करताय?"

"नाही, फक्त बघत होतो..."

तिने ताट खाली ठेवलं.

"सरका तिकडे. यात तलवारीचं बटण कुठलं?"