वासुदेवाला मार्केटिंग शिकवण्याचा उद्योग

कलाकारांना सोशल मीडिया मार्केटिंग शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सची सध्या चांगलीच चलती आहे. घरबसल्या शिका, मोबाइलवर शिका, आणि शेवटी नाव छापलेले प्रमाणपत्र मिळवा. अभ्यासक्रमही बहुधा ठरलेला असतो: पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला पकडा, आपली ओळख ठसवा, हॅशटॅग लावा, लोकांना टॅग करा, रोज काहीतरी टाकत राहा. पुण्या-मुंबईच्या एखाद्या चित्रकाराने हे जरूर शिकावे. पण हाच कोर्स जालना जिल्ह्यातल्या गोंधळ्याला, वासुदेवाला किंवा बहुरूप्याला शिकवायचा झाला, तर फी नेमकी कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्न आधी निकालात काढावा लागेल. कारण या व्यवहारात अक्कल शिकणाऱ्याकडे आहे, शिकवणाऱ्याकडे आहेत ती फक्त बटणे.

पुरावा दारातच उभा आहे. वासुदेवाची मोरपिसांची टोपी पहाटेच्या अंधुक उजेडातही गल्लीच्या टोकावरून ओळखू येते. कोर्समध्ये ज्याला ‘ब्रँडिंग’ म्हणतात, ते त्याने डोक्यावर घेतले आहे. तो दिसण्याआधी त्याच्या चिपळ्या ऐकू येतात, आणि आजवर कोणी त्या म्यूट केलेल्या नाहीत. झोळीत दान पडले, की ते कोणकोणत्या देवाला पावले याची तो मोठ्याने यादी म्हणतो. त्यात पोचपावती आली, आभार आले, आणि अजून दार न उघडलेल्या शेजारघराला द्यायचा इशाराही आला. गोंधळी तर कार्यक्रमाच्या आरंभीच तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला गावानिशी आवतण देतो. इतक्या मोठ्या मंडळींना ठिकाणासह टॅग करण्याची हिंमत आजच्या कुठल्याही इन्फ्लुएन्सरमध्ये नाही. पोलिसाच्या वेषात येऊन थेट अटकेची धमकी देणाऱ्या बहुरूप्याला पहिल्या तीन सेकंदांचे महत्त्व कोणी समजावून सांगावे? आणि तमाशातले गण, गवळण, बतावणी झाल्याशिवाय वग सुरू होत नाही, त्यामागे परंपरा आहेच. पण जेवण उरकून सावकाश येणारे गावही त्यामुळे वगापर्यंत तंबूत येऊन बसते.

यावर शुद्धतावाद्यांचा आक्षेप ठरलेला आहे: अस्सल कला जाहिरात करत नाही, रसिक तिला शोधत येतात. ऐकायला हे फार उदात्त वाटते; इतिहासाला मात्र ते मान्य नाही. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती आकृती भोकरदनच्या उत्खननात निघाल्यावर, ती मूर्ती इथल्याच कारागिरांची असावी असे काही अभ्यासक म्हणू लागले. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडला गेलेला तिचा मालक काही भोकरदनच्या बसस्टँडवर कला शोधत आला नव्हता. मधे व्यापारी होते, बंदरे होती, आणि मालाची तारीफ करणारी कितीतरी तोंडे होती. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनीही ग्रंथ सांगून झाल्यावर तो कोणाच्या तरी नजरेस पडेल म्हणून वाट पाहिली नाही. गावोगावी मठ उभे राहिले, शिष्यांनी नकला केल्या, बाडे फिरत राहिली. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली सुरतेत लागला आणि प्रेक्षक फिरकेनात, तेव्हा दादासाहेब फाळक्यांनी रसिकतेच्या ऱ्हासावर अग्रलेख लिहिला नाही. 57,000 छायाचित्रे, दोन मैल लांब चित्र, तिकीट अवघे तीन आणे, असा हिशेबच त्यांनी जाहिरातीत मांडला. सुरतेचे गिऱ्हाईक मैलाच्या भावाने कला विकत घेते, हे त्यांनी बरोबर ताडले होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रेक्षक गल्लीतून उठून फोनमध्ये गेला; मग चिपळ्या वाजवायच्या कोणासाठी? हे खरे आहे, आणि म्हणून बटणे शिकलीच पाहिजेत. उजेड कुठून घ्यायचा, संबळाचा आवाज फाटू न देता कसा टिपायचा, सुपारीची आगाऊ रक्कम क्यूआर कोडवर कशी घ्यायची, हे दोन-चार तासांत येते. पण गल्ली आणि ॲप यांत फरक आहे. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलाकारांचा जमवलेला प्रेक्षक रातोरात गेला. गल्ल्या अशा एका आदेशाने ॲपस्टोअरमधून काढता येत नाहीत. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा, तर एक रस्ता 1,000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत 4,000 तास बघितले जाण्याचा आहे. रात्रभर गोंधळ घालणाऱ्या माणसाला जागरणाची धास्ती नाही. पण इथे त्याने जागून उपयोग नाही, प्रेक्षकांनी जागावे लागते. म्हणून कोर्सने शिकवण्यासारखी खरी गोष्ट एकच आहे: प्रेक्षक ॲपच्या भरवशावर ठेवू नका. कार्यक्रम देणाऱ्यांचे, यात्रा कमिट्यांचे फोन नंबर आपल्या वहीत उतरवून घ्या.

तिसरा प्रश्न बोचरा आहे. एवढे कसबी होते, तर ही मंडळी हलाखीत का? कारण जाहिरात कमी पडली नाही, देणारा हात गेला. खळ्यावर रास पडली की तिच्यातून मागत्यांचा वाटा निघे. धान्य थेट बाजारात जाऊ लागले, निम्मे गाव ऊसतोडीला किंवा शहरात गेले, आणि दान पावायला दारात माणूसच उरला नाही. ही तूट हॅशटॅगने भरत नाही. मार्केटिंग नजर वळवते, पोट भरण्याची व्यवस्था लावत नाही. आणि ‘तुमची कला जगभर पोचवा’ म्हणणारे कोर्स नेमकी हीच गोष्ट गाळतात. जगाचे सोडा, गोंधळ्याला बदनापूरच्या लग्नाची सुपारी मिळाली तरी घरात चूल पेटते.

ही गोष्ट जालन्याला तरी वेगळी सांगायला नको. 1964 साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको सुरू केली, आणि जालन्याचे नाव बियाण्यांशी जोडले गेले. बियाण्याच्या पाकिटावर पुढे कितीही टपोऱ्या बोंडांचे चित्र असो, उगवणशक्तीची टक्केवारी त्यावर छापावीच लागते, आणि अनुभवी शेतकरी चित्रापेक्षा ती आधी बघतो. कलाकारांच्या कोर्सलाही हाच नियम लावावा. आधीच्या तुकडीतल्या किती जणांना वर्षभरात पैसे देणारे कार्यक्रम मिळाले, हे जाहिरातीतच छापावे; किती फॉलोअर वाढले ते चित्रात दाखवायला हरकत नाही. प्रशिक्षकाचीही परीक्षा घ्यावी: अंगारकीला राजूरच्या गणपतीच्या गर्दीत माइकशिवाय उभे राहून पाच मिनिटे लोक थांबवून दाखवायचे. एवढी तयारी नसेल, तर ‘यशाची हमी’ हे शब्द तरी छापू नयेत. कारण बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याला निदान तक्रार करता येते. न उगवलेल्या फॉलोअरचा पंचनामा करायला कुठला कृषी अधिकारी येणार?